इंग्रजीची शंकापेटी: ‘डिस्कस अबाउट’ का चालत नाही?

प्रश्न: मी हिंजवडीत आयटीत आहे, मराठी मीडियमचा. बोलण्यात अडत नाही पण मेल लिहिला की टीम लीड लाल करून परत पाठवते आणि चुका सगळ्या प्रिपोझिशनच्याच असतात. अप्पा बळवंत चौकातून एक पुस्तक आणलं, त्यात ए टू झेड यादी आहे, कुठल्या व्हर्बपुढे काय येतं त्याची. सी पर्यंत गेलो की ए विसरलेलं असतं. यामागे काही लॉजिक आहे का नुसती घोकंपट्टीच? (परवाच्या मेलमधलं एक वाक्य: ‘वी डिस्कस्ड अबाउट द डिले अँड रिक्वेस्टेड फॉर टू मोर डेज, प्लीज रिप्लाय मी.’)

उत्तर: आधी ती यादी बाजूला ठेवा. एबीसीडीच्या क्रमाने पाठ केलेल्या गोष्टी डोक्यात त्याच क्रमाने राहतात, आणि मेल लिहिताना तुम्हाला ए पासून सुरुवात करायची नसते.

तुमचं वाक्य मात्र मला फार आवडलं, कारण त्यात एकाच ओळीत दोन्ही प्रकारच्या चुका आहेत, नको तिथे प्रिपोझिशन आणि हवं तिथे नाही. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही, ‘रिक्वेस्ट’ला ‘फॉर’ लागत नाही, पण ‘रिप्लाय’ला ‘टू’ लागतो. म्हणजे ‘वी डिस्कस्ड द डिले अँड रिक्वेस्टेड टू मोर डेज, प्लीज रिप्लाय टू मी.’

आता हे का होतं ते बघा. आपण ‘टॉक अबाउट’ बरोबर म्हणतो, ‘आस्क फॉर’ बरोबर म्हणतो, आणि मग वाटतं की अर्थ तोच आहे तर डिस्कसलाही अबाउट असणार. तसं नसतं. प्रिपोझिशन अर्थाला चिकटत नाही, शब्दाला चिकटतं. त्यात भर म्हणजे नाउन आणि व्हर्ब यांचा हिशोब वेगळा. ‘अ डिस्कशन अबाउट द डिले’ बरोबर, ‘अ रिक्वेस्ट फॉर टू डेज’ बरोबर, ‘एम्फसिस ऑन क्वालिटी’ बरोबर, ‘डिमांड फॉर फ्लॅट्स’ बरोबर. पण व्हर्ब झालं की ‘डिस्कस द डिले’, ‘रिक्वेस्ट टू डेज’, ‘एम्फसाइझ क्वालिटी’, ‘डिमांड अ रिफंड’. ऑफिसच्या मेलमधल्या निम्म्या चुका माझ्या अंदाजाने या एवढ्या चार-पाच शब्दांत असतात, ते आधी पक्के करा.

तसंच ‘रीच’. ‘आय विल रीच टू स्वारगेट’ नाही, नुसतं ‘रीच स्वारगेट’. पण ‘अराइव्ह’ घेतलं की प्रिपोझिशन पाहिजे, ‘अराइव्ह ॲट स्वारगेट’, आणि शहर असेल तर ‘अराइव्ह इन पुणे’. आणि ते ‘कोप अप विथ’ कृपा करून बंद करा, ‘कॅच अप विथ’ आणि ‘कीप अप विथ’ची लागण होऊन तो ‘अप’ तिथे आलाय, खरं फक्त ‘कोप विथ’.

लॉजिकचं विचाराल तर थोडं आहे, पूर्ण नाही. ‘ॲट’चं बघा, बऱ्याच ठिकाणी त्यात नेम धरल्याचा भाव असतो. ‘थ्रो द बॉल टू हिम’ म्हणजे त्याने झेलावा म्हणून टाकला, ‘थ्रो द बॉल ॲट हिम’ म्हणजे त्याला लागावा म्हणून मारला. ‘शाऊट टू’ म्हणजे ऐकू जावं म्हणून हाक, ‘शाऊट ॲट’ म्हणजे ओरडा. लाफ ॲट, बार्क ॲट, स्टेअर ॲट सगळे त्याच कुळातले. असे गट करून शिकलात तर टिकतं.

आणि जिथे लॉजिक नाही तिथे वाईट वाटून घेऊ नका, मराठीतही कुठे आहे? आपण मित्राशी भांडतो, मित्रावर रागावतो, मित्राला हसतो आणि मित्राची वाट बघतो. तुमच्या टीममध्ये कुणी दुसऱ्या राज्यातून पुण्यात आलेलं असेल आणि मराठी शिकत असेल तर विचारा, ‘मी त्याला भांडलो’ हे त्याच्या तोंडून हमखास ऐकलं असेल. आपल्याला कुणी यादी दिली नव्हती, शब्द ऐकला तोच प्रत्ययासकट ऐकला. इंग्रजीचंही तेच करायचं, नवीन शब्द लिहून घेताना एकटा लिहायचा नाही. ‘डिपेंड’ नाही लिहायचं, ‘डिपेंड ऑन द वेदर’ लिहायचं. साधी डिक्शनरी यात कामाची नाही, लर्नर्स डिक्शनरी घ्या. हे प्रकरण सुरू करणाऱ्यांमध्ये ए. एस. हॉर्नबी हे नाव मोठं, ते जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे आणि त्यांची डिक्शनरी पहिल्यांदा 1942 मध्ये तिथेच छापली गेली, परक्या माणसाला शब्दापुढे काय जोडायचं हे कळावं म्हणूनच केलेली. अशा डिक्शनऱ्या आता ऑनलाइन फुकट आहेत, शब्दाखाली प्रिपोझिशन बहुतेक ठळक अक्षरात असतं.

प्रश्न: मुलगी दहावीला आहे (धनकवडी). ती ‘गुड इन मॅथ्स’ लिहिते, क्लासचे सर म्हणतात ‘गुड ॲट’. शिवाय ‘अफ्रेड फ्रॉम डॉग्ज’, ‘अँग्री ऑन मी’, ‘मॅरिड विथ’ असं सगळं चालू असतं. मी तिला काय सांगू?

उत्तर: सर बरोबर आहेत ताई, कौशल्य असेल तिथे ‘ॲट’. गुड ॲट, बॅड ॲट, क्लेव्हर ॲट. पेपरात तेच लिहायचं.

बाकीच्या चुका बघितल्यात ना, त्या वाटेल तशा नाहीयेत, मुलगी मराठीत विचार करून प्रत्ययाला प्रत्यय लावतेय. ‘माझ्यावर रागावली’ म्हणून ‘ऑन’, ‘डॉक्टरशी लग्न’ म्हणून ‘विथ’. ‘फ्रॉम’ कुठून आला म्हणाल तर तो हिंदीतल्या ‘से डरना’चा असणार, टीव्ही बघते का खूप? खरं असं आहे: ‘अफ्रेड ऑफ डॉग्ज’, ‘अँग्री विथ मी’, ‘मॅरिड टू अ डॉक्टर’. ‘मॅरिड विथ’ पूर्ण चूक असतं असंही नाही, ‘शी इज मॅरिड विथ टू किड्स’ हे छान इंग्रजी आहे, फक्त अर्थ होतो की लग्न झालंय आणि दोन मुलं आहेत. तिला हे सांगा, हसेल आणि लक्षात राहील.

आणि सगळंच नव्याने शिकायला लावू नका. ‘डिपेंड ऑन’ला ती चुकणार नाही कारण मराठीतही ‘वर अवलंबून’च आहे. जिथे मराठी आणि इंग्रजी जुळत नाहीत तेवढ्यांचीच एक वही करायची: बिलीव्ह इन (‘वर विश्वास’ म्हणून ‘ऑन’ लिहितात), सफर फ्रॉम, फुल ऑफ, लिसन टू, वेट फॉर, कंग्रॅच्युलेट ऑन. आणि ‘ला’ दिसला म्हणून ‘टू’ नको, ‘आईला विचारलं’ हे ‘आस्क्ड मदर’, ‘आस्क्ड टू मदर’ नाही. उलट ‘एक्सप्लेन’ला ‘टू’ हवाच, ‘एक्सप्लेन इट टू मी’.

प्रश्न: सदाशिव पेठेतून लिहितो आहे, बँकेतून निवृत्त. हल्लीची मुले सर्रास ‘सीनियर दॅन मी’ म्हणतात. तसेच वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन टाकतात. आमच्या वेळी याला छडी मिळत असे. आपले मत?

उत्तर: काका, पहिल्या मुद्द्यावर तुम्ही शंभर टक्के बरोबर. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे लॅटिनमधून आलेले, ‘अधिक’ हा भाव त्यांच्या पोटातच आहे, म्हणून ‘टू’. ‘प्रिफर’चंही तसंच, ‘आय प्रिफर टी टू कॉफी’.

लॅटिनचा विषय काढलाच आहात तर एक खूण सांगते, वरच्या हिंजवडीच्या वाचकांनीही वाचा. शब्दाच्या सुरुवातीला ‘एक्स’, ‘ॲब’ किंवा ‘डिस’ म्हणजे दूर असेल तर पुढे बऱ्याचदा ‘फ्रॉम’ येतो: एक्झेम्प्ट फ्रॉम, ॲबसेंट फ्रॉम, डिफर फ्रॉम. ‘कॉन’ किंवा ‘कॉम’ म्हणजे सोबत, पुढे ‘विथ’: कंप्लाय विथ, कम्पॅटिबल विथ. ‘इन’ असेल तर ‘इन’: इन्व्हेस्ट इन, इन्व्हॉल्व्ह इन. लगेच नियम समजू नका, ‘कन्सिस्ट ऑफ’ आणि ‘कॉन्ट्रिब्यूट टू’ बसलेत वाटेत. आणि ‘डिफरंट’ला ब्रिटिश माणूस कधी ‘टू’ लावतो, अमेरिकन ‘दॅन’, आपण ‘फ्रॉम’ वापरावा, कुठेच कुणी हरकत घेत नाही.

छडीच्या बाबतीत मात्र मी मुलांच्या बाजूने. शेवटी प्रिपोझिशन नको ही तक्रार जॉन ड्रायडन या कवीने 1672 मध्ये नाटककार बेन जॉन्सनच्या लिखाणावर केली होती, पुढे व्याकरणवाल्यांनी ती उचलून धरली. इंग्रज बोलताना ती कधीच पाळत नाहीत. ‘व्हॉट आर यू अफ्रेड ऑफ?’ हेच सहज इंग्रजी, ‘ऑफ व्हॉट आर यू अफ्रेड?’ म्हणणारा माणूस नाटकातून आल्यासारखा वाटतो. बँकेच्या औपचारिक पत्रात तुमची पद्धत शोभते, ती तिथे जरूर ठेवा.

प्रश्न: मॅम, आयईएलटीएसची तयारी करतेय. ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ का ‘मीटिंग यू’? टू नंतर तर पहिलं रूप येतं ना?

उत्तर: ‘मीटिंग यू’. हा ‘टू’ प्रिपोझिशन आहे गं, ‘टू गो’ मधला नाही, आणि प्रिपोझिशननंतर व्हर्ब आलं तर त्याला ‘आयएनजी’ लागतं. ओळखायचं कसं, तर पुढे एखादं नाउन टाकून बघ. ‘लुकिंग फॉरवर्ड टू द ट्रिप’ बसतं ना, मग ‘आयएनजी’. ‘ऑब्जेक्ट टू’, ‘ॲक्यस्टम्ड टू’ आणि ‘आय ॲम यूझ्ड टू’ यांनाही हेच लावून बघ. पण ‘आय यूझ्ड टू लिव्ह इन सातारा’ हा वेगळा, त्यात पूर्वीची सवय आहे आणि तिथे ‘लिव्ह’च येणार. रायटिंगमध्ये या दोन ‘यूझ्ड टू’त घोळ होतो खूप, त्यावर चार-चार वाक्यं स्वतःची लिहून पाठव, पुढच्या अंकात तपासून देते.