नैराश्य, उदासी, डिप्रेशन: आजाराला म्हणायचं काय?

एका वाचकाने विचारलं आहे: "आरोग्य केंद्रासाठी डिप्रेशनवरचं माहितीपत्रक मराठीत करतो आहे. डिप्रेशनला सगळे नैराश्य म्हणतात, पण परीक्षेत नापास झालेल्या मुलालाही आपण 'नैराश्य आलं' म्हणतो. उदासी, खिन्नता, विषाद, हिंदीतला अवसाद, यांपैकी आजारासाठी नेमका शब्द कोणता? साधं दुःख आणि हा आजार यांतला फरक मराठीत दाखवता येतो का?"

येतो, आणि चांगला येतो. फक्त तो नामांपेक्षा क्रियापदांत जास्त आहे. हे मला कोश चाळून नाही कळलं, माझ्या आत्यामुळे कळलं.

काही वर्षांपूर्वी आत्या हळूहळू गप्प होत गेली. रडणं नाही, तक्रार नाही. सकाळी चहाचं आधण ठेवायची आणि गॅससमोर उभी राहायची. पाणी आटून पातेलं करपायला आलं तरी तिचा हात पुढे व्हायचा नाही. रात्री तीनला जाग यायची ती यायचीच, मग उजाडेपर्यंत डोळे आढ्याला. जन्मभर दुसऱ्याच्या फोडणीला नावं ठेवलेली बाई अळणी आमटीही मुकाट्याने जेवायची. घरात सगळे म्हणत, "हिने उगाच मनाला लावून घेतलंय." काय लावून घेतलंय ते मात्र कोणालाच सांगता येत नव्हतं. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. ते 'डिप्रेशन' म्हणाले, आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी हौसेने भाषांतर केलं, "आत्या, तुला नैराश्य आलंय." ती म्हणाली, "निराश कशाला होऊ गं मी? पोरं मार्गी लागली, घर स्वतःचं आहे. मला काय कमी आहे?" आणि गोळ्या घ्यायला तिने साफ नकार दिला. दोन महिने गेले. त्यात माझ्या शब्दाचा वाटा होता असं मला आजही वाटतं.

कारण शब्दाच्या बाजूने पाहिलं तर आत्याचंच बरोबर होतं. ज्याची आशा गेली तो निराश, आणि त्याचा भाव ते नैराश्य. म्हणजे या शब्दाच्या पोटात आधी एक आशा आहे आणि मग तिचा भंग. ऐकणारा लगेच मनात विचारतो, कसली आशा होती? कारण सापडलं नाही की त्याला शब्द खोटा वाटतो. आजारात आशा संपल्यासारखं वाटतं हे खरं, पण ते त्याच्या अनेक लक्षणांपैकी एक. आत्यासारख्या माणसात ते वर दिसतही नाही.

या शब्दाचं संस्कृतातलं रूप तर थक्क करणारं आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात पिंगलेची गोष्ट येते. गिऱ्हाइकाची वाट पाहत रात्रभर दारात तिष्ठलेली ही गणिका शेवटी आशाच सोडते आणि शांत झोपते. तिथला श्लोक म्हणतो, "आशा हि परमं दुःखं नैराश्यं परमं सुखम्". आशा हे सर्वांत मोठं दुःख आणि नैराश्य हे सर्वांत मोठं सुख! तिथे नैराश्य म्हणजे अपेक्षांपासूनची सुटका. तोच शब्द आज आपण आजाराच्या माथी मारला आहे.

'उदास'चंही तेच. तुकोबांचं "जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी" आपण लहानपणापासून ऐकतो. तिथला उदास माणूस दुःखी नाही, तो अलिप्त आहे. चांगल्या मार्गाने पैसा मिळवावा आणि मन न गुंतवता खर्च करावा, एवढंच म्हणणं. 'उदासीन' म्हणजे मुळात बाजूला, तटस्थ बसलेला. 'प्रशासन उदासीन आहे' म्हणताना हा अर्थ अजून जिवंत असतो. म्हणून काही जण डिप्रेशनसाठी 'औदासीन्य' सुचवतात ते मला पटत नाही. मतदारांच्या औदासीन्यावर अग्रलेख लिहून होतात, तो शब्द पेशंटला कसा चालेल? राहिला आजचा 'उदास', तर तो संध्याकाळलाही लागतो आणि बंद पडलेल्या वाड्यालाही. रोजच्या, येऊन जाणाऱ्या भावनेसाठी तो फार सुंदर शब्द आहे. त्याला तिथेच राहू द्यावं.

विषाद आणि अवसाद हे सख्खे भाऊ. दोघेही 'सद्' या धातूपासून आले: बसणं, खचणं. 'विषादा'त विष नाही. 'वि'मधल्या इकारामुळे स चा ष झाला, एवढंच. 'प्रसाद' आणि 'प्रसन्न' याच घरातले, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. गाळ खाली बसून पाणी निवळलं की ते प्रसन्न. माणूसच खाली बसत गेला तर तो अवसन्न. गीतेच्या सहाव्या अध्यायात "नात्मानमवसादयेत्" आहे, स्वतःला खचू देऊ नये. इंग्रजी डिप्रेशन ज्या लॅटिन शब्दावरून आलं त्याचा अर्थ खाली दाबणं. म्हणजे अर्थाने अवसाद अगदी जवळ जातो. अडचण कानाची आहे. मराठी कानाला 'अवस' ऐकलं की पुढे 'अवसान' येतं, आणि अवसान म्हणजे बळ: अवसान गळालं, उसनं अवसान आणलं. हिंदीत अवसाद रुळला आहे. मराठी पत्रकात तो वाचणाऱ्याला अडखळवेल.

आणि विषाद मराठीत पश्चात्तापाकडे झुकला: "मला त्याचा विषाद वाटत नाही." अर्जुनाच्या विषादाला अलीकडे सर्रास डिप्रेशन म्हटलं जातं, तेही मला चूक वाटतं. त्याची लक्षणं पाहा: तोंडाला कोरड, अंगाला कंप, काटा, हातातून गांडीव सुटणं. समोर आजोबा आणि गुरू उभे, त्यांना मारायचं आहे. कारण लख्ख आहे आणि अवस्था काही घटकांची. अठराव्या अध्यायात तो "नष्टो मोहः" म्हणून उभाही राहतो. आत्याच्या वाट्याला आलं ते हे नव्हे.

आता फरकाकडे. मराठीत दुःख नेहमी 'कशाचं' तरी असतं. वाईट वाटतं ते कशाचं तरी. हिरमोड होतो तो कुठल्यातरी बेताचा. करमत नाही ते कोणावाचून तरी. लेक हॉस्टेलवरून घरी आली की लगेच करमायला लागतं. आणि माणूस गेल्याच्या दुःखाला आपल्याकडे 'उमाळा' हा शब्द आहे, त्याला तोड नाही. उमाळा येतो आणि ओसरतो. तेराव्यानंतर कपाट आवरताना त्यांचा चष्मा हाताला लागतो, उमाळा येतो, रडू फुटतं, आणि अर्ध्या तासाने तीच बाई नातवाच्या बोलण्यावर खुदकन हसते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांची निदानपुस्तिका डीएसएम, तिच्या २०१३च्या पाचव्या आवृत्तीत शोक आणि आजार यांतला फरक हाच सांगितला आहे: शोक लाटांनी येतो, गेलेल्याच्या आठवणीला बांधलेला असतो, आणि त्यात माणसाला सहसा स्वतःची किंमत शून्य वाटत नाही. आजार लाटांनी येत नाही. त्याला मराठीत जवळचा शब्द 'मळभ'. ते धरून राहतं, खाली लग्न असो की मर्तिक. शोकातल्या माणसालाही हा आजार होऊ शकतो, म्हणून 'दुःखात आहे, होईल बरा' असं म्हणून वर्षभर थांबू नये.

दुसरी खूण 'वाटणं' या क्रियापदात आहे. दुःखात वाईट वाटतं. आजारात पुष्कळदा काही वाटेनासं होतं. आत्याचं वाक्य मी विसरू शकत नाही: "वाईट वाटत नाही गं. काही वाटतच नाही." नातू पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते. वैद्यकात या लक्षणाला उदास मनाइतकंच वजन आहे. नऊ लक्षणांची यादी असते: मन उदास राहणं, गोडी जाणं, झोप बिघडणं, भूक किंवा वजन बदलणं, थकवा, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थ येरझाऱ्या, लक्ष न लागणं, स्वतःला कुचकामी किंवा दोषी मानणं, मरणाचे विचार. यांतली किमान पाच, आणि त्यांत पहिल्या दोनांपैकी एक तरी, सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, कामधाम अडेल इतकी असली तर डॉक्टर या आजाराचा विचार करतात. थायरॉइड मंदावलं तरी असंच दिसू शकतं, त्यामुळे निदान त्यांनीच करायचं. पण घरच्यांनी कान कुठे द्यायचा ते मराठी आधीच सांगते: अन्नावरची वासना उडाली, कशात मन लागत नाही, हातपाय गळून गेल्यासारखे झाले.

तिसरी गोष्ट विभक्तीची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. "तिने मनाला लावून घेतलं", "त्याने धीर सोडला", "त्याने हातपाय गाळले". सगळीकडे 'ने'. कर्ता तोच, म्हणजे दोषही त्याचाच. आजारांना मात्र मराठी 'ला' लावते: तिला ताप आला, त्याला कावीळ झाली. कावीळ झालेल्याला कोणी "मनावर घे" म्हणत नाही. आत्याच्या बाबतीत पुढे मी एवढाच बदल केला. "आत्या, तुला आजार झालाय. झोप, भूक आणि गोडी हे तिन्ही त्यानेच खाल्लंय," असं सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मग औषध असेल की त्याला." औषध होतं, बोलण्याचे उपचारही होते. पाचव्या-सहाव्या आठवड्यात जेवताना ती एकदम म्हणाली, "आमटीत मीठ कोणी घातलंय हे, खारट नुसती!" आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

एका वाक्प्रचाराबद्दल मात्र सावध राहा. "जीव नकोसा झालाय" आपण उकाड्यालाही म्हणतो, त्यामुळे खरं बोलणाऱ्याचं वाक्यही कानाआड जातं. वर सांगितलेल्या खुणा दिसत असताना कोणी असं म्हणालं तर सरळ विचारावं, "मरणाचे विचार येतात का?" विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. पत्रकात 'टेली मानस'चा १४४१६ हा क्रमांक ठळक छापा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

तर तुमच्या पत्रकासाठी माझं मत: शीर्षकात 'डिप्रेशन' हाच शब्द ठेवा. तो गावोगाव पोचला आहे आणि त्याच्या पोटात आशा, विष, वैराग्य काही नाही. त्याखाली एकदा 'नैराश्याचा आजार' लिहा, कारण केसपेपरवर आणि वर्तमानपत्रात लोकांना नैराश्य भेटणारच. पण 'आजार' हा शब्द सुटू देऊ नका. 'डिप्रेशनमध्ये गेला'पेक्षा 'डिप्रेशन झालं' लिहा. आणि पहिल्या ओळीत यांपैकी कुठलंच नाम नको. तिथे सरळ विचारा: "दोन आठवडे झाले, कशातच गोडी वाटत नाही, पहाटे जाग येते, जेवण जात नाही, असं तुम्हाला किंवा घरात कोणाला होतंय का?"