गेल, स्टॉर्म, स्क्वॉल, सायक्लोन, हरिकेन : इंग्रजीत कोणता शब्द कधी वापरायचा?

तुम्ही विचारलंय की या सगळ्यांना मराठीत वादळच म्हणतात, तर परीक्षेत कुठलाही लिहिला तर चालेल का. नाही चालणार. परीक्षेचं सोडा, आमच्या घरात एका चुकीच्या शब्दाने पाच महिने खाल्ले.

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. तिथे काकांचं किराणा दुकान. पत्रे उडाले ते मागच्या वाडीत, पोफळी मधोमध मोडलेल्या. माल सगळा भिजला. मी चौथ्या दिवशी पोचलो तेव्हा मटकीच्या पोत्याच्या शिवणीतून मोड बाहेर आले होते आणि काकू ते पोतं हलवू देत नव्हत्या, पंचनामा व्हायचा होता म्हणून. वीज नाही, फोनला रेंज नाही.

विम्याचा अर्ज दादाने, म्हणजे काकांच्या थोरल्याने, मुंबईत बसून लिहिला. कारण काय लिहिलं? 'हेवी गस्ट'. मी म्हटलं, सायक्लोन लिही. तर म्हणे, वारा तो वारा, साहेबाला कळतं. साहेबाला नाही कळलं. कंपनीचं पत्र आलं की गस्ट पॉलिसीत बसत नाही. बसणार कसा? आगीच्या पॉलिसीत वादळाचीही एक ओळ असते, तिच्यात स्टॉर्म, सायक्लोन, टायफून, टेम्पेस्ट (म्हणजे जोराचं वादळ), हरिकेन, टॉर्नेडो आहेत, पुढे पूर आहे. गस्ट नाही. मग मी नवा अर्ज केला, 'सिव्हिअर सायक्लोनिक स्टॉर्म निसर्ग' असं लिहून हवामान खात्याचं बुलेटिन जोडलं. पैसे नोव्हेंबरात आले.

तर गस्ट म्हणजे वाऱ्याचा झोत, काही सेकंदांचा. स्क्वॉल अचानक उठतो आणि निदान मिनिटभर टिकतो, वळवाच्या आधी अंगावर येतो तसा. गेल हा सलग वाहणारा जोराचा वारा, खलाशांच्या मोजमापात ३४ ते ४० नॉट, म्हणजे ताशी ६२ ते ७४ किलोमीटर. त्याच मापात स्टॉर्म ४८ नॉटला सुरू होतो. सायक्लोन, हरिकेन, टायफून ही एकाच जातीची वादळं, नाव समुद्रावरून पडतं : आपल्याकडे सायक्लोन, अटलांटिकात हरिकेन, जपान-फिलिपिन्सकडे टायफून. अरबी समुद्रातल्या वादळाला हरिकेन लिहिलंत तर ती चूकच. टॉर्नेडो वेगळा, तो गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा फिरता खांब. आपली वावटळ म्हणजे टॉर्नेडो नव्हे, पेपरवाले काहीही लिहोत.

समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करणं बंद करा. त्यांनीच घोळ होतो. वारा किती वेळ टिकला, गोल फिरत होता का आणि कुठल्या समुद्रावरचा, एवढं बघा.

हां, आकड्यांबाबत एक राहिलं. आपलं हवामान खातं ३४ नॉटपासूनच सायक्लोनिक स्टॉर्म म्हणतं, म्हणजे खलाशांच्या मापात जो गेल तो इकडे वादळ. शिवाय आपण वाऱ्याची सरासरी तीन मिनिटांची धरतो, अमेरिकन एका मिनिटाची, म्हणून दोन्हीकडचे आकडे सरळ ताडून पाहू नका. निबंधात वर्णन करताना मात्र गेल, टेम्पेस्ट खुशाल वापरा.

दादा अजून म्हणतो की पैसे बुलेटिनमुळे मिळाले, शब्दामुळे नाही. अरे, 'गस्ट'ला कुठलं बुलेटिन जोडणार होतास?