भिंतीवरचं चित्र आणि त्याची गाणारी बाई

प्रश्न: मुलगी सातवीत आहे. शाळेतून कुंडीवर वारली काढून आणायला सांगितलंय. तिनं यूट्यूब बघून माणसं काढली, झोपडी काढली, बॉर्डर मारली, झालं. आमच्या सासूबाई विचारतात हे कशाचं चित्र गं? पोरगी म्हणाली वारलीचं. त्या म्हणाल्या ते कळलं, पण त्यात चाललंय काय? घरात कुणालाच सांगता येईना. यात खरंच काही गोष्ट असते का नुसती नक्षी? आणि पुढच्या महिन्यात दिराचं लग्न आहे, स्टेजमागं वारलीतला देवीचा चौक काढून घेतला तर चालेल का?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर: ताई, सासूबाईंना आधी माझा नमस्कार सांगा, मुद्द्याचं त्यांनीच विचारलंय. गोष्ट असते, पण चित्रात अर्धीच असते, उरलेली अर्धी गाणाऱ्या बाईच्या तोंडात असते आणि यूट्यूबवर नेमकी तीच येत नाही.

मूळ वारली चित्र म्हणजे लग्नघरातला चौक, देवीसाठी काढलेली चौकट. डहाणू, तलासरी, जव्हारकडं वारली आदिवासी घरातली कुडाची भिंत शेणानं सारवून, गेरू लावून घेतात आणि सवाशिणी बसून तांदळाच्या पिठानं त्यावर चौक काढतात, ब्रश म्हणजे काय तर बांबूची काडी चावून तिचा कुंचा केलेला. मधे पालघट देवी, भोवती झाडं, जनावरं, घोड्यावर नवरा-नवरी, नाचणारी माणसं. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. आणि तिथं धवलेरी असते, म्हणजे लग्न लावणारी बाई, ती गाणी म्हणते. त्या गाण्यांतनं देव कोण, कुणाला काय मान द्यायचा, हे पोरांच्या कानावर पडतं आणि समोर भिंतीवर दिसत असतं. पुस्तक नाही, वही नाही, तरी एका लग्नात वर्षभराचा अभ्यास होतो बघा.

पुढं वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात ही चित्रं भिंतीवरनं कागदावर आणली. तोवर हे बायकांचं काम होतं आणि लग्नापुरतंच होतं, म्हसे मात्र रोज काढायला लागले. २०११ ला पद्मश्री मिळाली, २०१८ ला गेले. आता आपल्या गड्ड्याच्या जत्रेत फिरलात तर कपावर, पर्सवर, मोबाईलच्या कव्हरवर सगळीकडं वारली. माझी तक्रार नाही, विकू दे, पण दोन त्रिकोण जोडले की वारली झाली असं नाही.

स्टेजचं म्हणाल तर माझ्या मते चौक नको. ती वारल्यांची लग्नाची देवी आहे, समोर बुफे चाललाय आणि मागं पालघट, बरं दिसत नाही ओ. तारपा नाच घ्या की, मधे तारपा म्हणजे त्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा आणि त्याच्याभोवती गोल फिरत गेलेली नाचणाऱ्यांची साखळी. ते आनंदाचंच चित्र आहे आणि सासूबाईंनी विचारलं तर सांगता पण येतं.

जाता जाता, कुडाळजवळ पिंगुळीचे ठाकर चित्रकथी करतात, त्यात चित्राची अर्धी गोष्ट गाण्यात असते हे लई स्पष्ट दिसतं. एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला ते पोथीच म्हणतात. एकेक चित्र पुढं धरायचं आणि वीणा, हुडूक (छोटं तालवाद्य), टाळ यांच्या साथीनं रामायण-महाभारतातलं आख्यान गायचं. गाणारा उठून गेला तर मागं नुसते रंगीत कागद. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ला त्यासाठीच पद्मश्री मिळाली.

प्रश्न: आम्ही बंजारा, तांड्यावरचे. आजीच्या कांचळीवर (चोळीवर) जुनी नाणी, कवड्या, आरसे लावलेत, ती म्हणते यात आपला इतिहास आहे. कॉलेजात सर म्हणतात लिहिलेलं असेल तोच पुरावा. कुणाचं खरं?
— एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर: भावा, ऑस्ट्रेलियातलं एक सांगतो. १९६३ ला तिथल्या सरकारनं यिरकाला गावच्या योलंगू आदिवासींची जमीन त्यांना न विचारता बॉक्साईटच्या खाणीला द्यायचं ठरवलं. या लोकांनी पार्लमेंटला अर्ज केला, पण कसा, तर झाडाच्या सालीवर. मधे टाईप केलेला कागद, त्यांच्या भाषेत आणि इंग्रजीत, आणि चारी बाजूंनी आपापल्या कुळांची चित्रं रंगवलेली. आपल्याला ती बॉर्डर वाटेल, त्यांच्या लेखी ती चित्रं म्हणजे सातबारा, कुठली जमीन कुणाची ते त्यातनंच कळतं. खाण थांबली नाही, १९७१ ला कोर्टात पण हरले, पण १९७६ ला त्या भागासाठी आदिवासींच्या जमीन हक्काचा कायदा झाला आणि त्याची सुरुवात या सालींपासनं धरतात. दोन साली आजही पार्लमेंटच्या इमारतीत लावलेल्या आहेत.

तेव्हा सरांशी भांडत बसू नको. आजीजवळ बस आणि एकेका नाण्यावर बोट ठेवून विचार, हे कुणी दिलं, कुठल्या लग्नात, तेव्हा तांडा कुठं होता. नाण्यावर साल असलं तर ते वहीत टिपून घे. आणि नुसते फोटो काढू नको, मोबाईलवर तिचं बोलणं रेकॉर्ड कर, आपल्या गोरमाटी बोलीतच बोलू दे.