आधी जाइब, मग व्हल्कन

प्रश्न : मी दोन वर्षांपासून विंडसर्फिंग (शीड लावलेल्या बोर्डावरून पाण्यावर जाण्याचा खेळ) करतो. बोर्ड वेगाने पाण्यावरून घसरू लागतो, परंतु जाइब (वारा पाठीवर घेत दिशा बदलणारे वळण) घेताना मी हमखास पडतो. या मोसमात व्हल्कन ही उडीची कसरत शिकण्याचे उद्दिष्ट ठेवावे का?

उत्तर : ठेवावे, पण जाइबनंतर, दुसऱ्या क्रमांकावर. व्हल्कनमध्ये बोर्ड उसळून हवेत १८० अंशांत फिरतो आणि उलट्या दिशेने घसरत जातो. त्या क्षणार्धात हात शिडाच्या दुसऱ्या बाजूला न्यावे लागतात. जाइबमध्ये आपले पडणे बहुधा वळणाच्या मध्यावर होत असावे : वेगाच्या धास्तीने शरीर मागे झुकते, बोर्डाचे शेपूट बुडते, वेग मरतो आणि शीड एकाएकी जड होते. म्हणून गुडघे वाकवून भार डोलकाठीच्या पायथ्याकडे द्यावा, मागचा पाय पट्ट्यातून काढून वाऱ्यापासून दूरच्या कडेवर दाबावा आणि नजर पायांकडे न ठेवता वळणातून जिथे बाहेर पडायचे तिथे ठेवावी. उद्दिष्टही ‘जाइब शिकणे’ असे मोघम नसावे. ‘दहांपैकी सहा वेळा न पडता वळणे’ असे मोजता यावे. मंद वाऱ्याच्या दिवशी (असे दिवस कंटाळवाणे वाटतात, पण फार कामाचे असतात) हेलिकॉप्टर टॅकचा (वाऱ्याकडे वळून दिशा बदलण्याच्या एका प्रकाराचा) सराव करावा, कारण उलट बाजूने वारा भरलेले शीड सांभाळणे तिथेच अंगवळणी पडते.