एस्टोनियन संगीतकार आर्वो पेर्ट यांची टिंटिनाबुली (लॅटिनमधल्या 'घंटा' या शब्दावरून) शैली नेमकी कशी चालते?

दोन आवाजांना एकमेकांशी बांधणारा नियम, हेच तिचं मूळ: एक आवाज स्केलवर (स्वरांच्या ठरलेल्या क्रमावर) पायरीपायरीने चालतो, दुसरा फक्त मूळ त्रिस्वरी कॉर्डचे, म्हणजे तीन स्वरांच्या संचाचे, स्वर वाजवतो. समजा कॉर्ड ए मायनर (ए, सी, ई) आहे आणि दुसरा आवाज वरचा सर्वांत जवळचा स्वर घेतोय. मग बी आला की सी, सी आला की ई, डी आला तरी ई. दोघांनी एकच स्वर घेणं वर्ज्य. त्यामुळे मधूनच बी-सीसारखी घासाघीस होते आणि घंटेचा घुमारा तिथूनच येतो; याला नुसतं 'शांत संगीत' म्हणणारे नेमकं तेच ऐकत नाहीत. १९६८च्या 'क्रेडो' या रचनेनंतर पेर्ट यांनी बराच काळ मध्ययुगीन आणि रेनेसाँ संगीताचा अभ्यास केला. १९७६ची 'फ्युअर अलिना' ही पियानोसाठीची रचना त्यातून आली. मात्र नियम काटेकोर असला तरी याच रचनेत शेवटाकडे डाव्या हाताला एकदाच कॉर्डबाहेरचा सी शार्प येतो, आणि स्वरलिपीत तिथे पेर्ट यांनी फूल काढलंय. शिवाय त्यांच्या आधीच्या रचनांना, उदाहरणार्थ १९६०च्या बारास्वरी (बाराही स्वर ठरावीक क्रमाने वापरणाऱ्या) 'नेक्रोलॉग'ला, हे गणित लावू नका.