शिकारी कुत्र्याचा पट्टा: बाराशे डॉलरचा की सातशेचा?

मिनेसोटातील सेंट पॉल येथे राहणाऱ्या एका वाचकाचे पत्र आले आहे. त्यांच्याकडे जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर जातीचा दीड वर्षाचा कुत्रा आहे. गेल्या ऑक्टोबरात चिपेवा राष्ट्रीय वनात रफ्ड ग्राउस या रानपक्ष्याच्या मागे गेलेला हा कुत्रा तीन तास सापडला नाही आणि अखेर लाकूडतोडीच्या रस्त्यावर भेटला. येत्या हंगामापूर्वी, कुत्रा कुठे आहे ते दाखवणारा आणि त्याला शिकवण्यासाठीही उपयोगी पडणारा जीपीएस पट्टा घ्यावा, असे त्यांच्या मनात आहे. दुकानदार उपग्रहावरून संदेश पाठवणारा संच १,२०० डॉलरला, बारा महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यांवर देत आहे. संदेशसेवेचे महिन्याला १५ डॉलर वेगळे. ही सेवा नसलेला, आधीच्या पिढीचा आणि कंपनीनेच तपासून पुन्हा विकायला काढलेला संच ७०० डॉलरला, फक्त माग दाखवणारा संच ५५० डॉलरला आणि मोबाइल फोनवर चालणारा संच ४०० डॉलरला मिळतो आहे. शिकवणीचा एक साधा जुना पट्टा त्यांच्याकडे आहेच. घरात एकच पगार असून महिन्याला ५,६०० डॉलर हाती येतात आणि ३०० उरतात. अडीअडचणीसाठी ९,००० डॉलर बाजूला आहेत. क्रेडिट कार्डावर मात्र २४ टक्के दराने २,१०० डॉलरची बाकी आहे आणि तिच्यापोटी ते दरमहा १८० डॉलर भरतात.

सप्रेम नमस्कार.

आपण पट्टा घ्यावा, असे माझे मत आहे. तो छंदाचा खर्च आहे म्हणून टाळावा, असा उपदेश मी करणार नाही. ज्या रानात लांडग्यांचा वावर आहे, सापळे लावलेले असतात आणि कुत्रा धावत हमरस्त्यावर येऊ शकतो, तिथे तीन तासांची ती शोधाशोध पुन्हा व्हावी असे कोणालाच वाटणार नाही. माझा आक्षेप दुकानदाराने पुढे केलेल्या संचाला आणि त्याहून अधिक त्याच्या हप्त्यांना आहे.

हे पट्टे कसे चालतात हे लक्षात आले की निम्मा निर्णय आपोआप होतो. कुत्र्याच्या गळ्यातील पट्टा जीपीएस उपग्रहांवरून स्वतःचे स्थान काढतो आणि ते साध्या रेडिओ लहरींवरून आपल्या हातातील उपकरणाकडे पाठवतो. अमेरिकेत त्यासाठी १५१ ते १५५ मेगाहर्ट्झ यांच्या दरम्यानच्या पाच वाहिन्या विनापरवाना वापरासाठी खुल्या ठेवलेल्या आहेत आणि त्यांवर २ वॅटपर्यंतची शक्ती चालते. मोबाइलचा मनोरा लागत नाही, म्हणून मासिक शुल्कही लागत नाही. आपण ज्यासाठी महिन्याला १५ डॉलर भरण्याच्या विचारात आहात, ती उपग्रहसेवा कुत्र्याचा माग काढत नाही. ती माणसासाठी आहे: आपला पाय मुरगळला, वाट चुकली, तर मदत मागवण्यासाठी. आपल्या पत्रात या दोन गोष्टींची गल्लत झालेली दिसते आणि दुकानात ती कोणी दूर केली नसावी.

एकट्याने रानात जाणाऱ्याला अशी सेवा निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. मात्र २०२२ मध्ये आलेल्या आयफोन १४ पासून पुढच्या आयफोनमध्ये उपग्रहावरून तातडीची मदत मागण्याची सोय अमेरिकेत उपलब्ध आहे. आपला फोन त्यांपैकी असेल, तर त्याच गरजेसाठी दुसऱ्यांदा पैसे मोजण्यापूर्वी विचार करावा.

आता हिशेब. आपण वर्षाला सुमारे पंधरा दिवस रानात जाता, म्हणजे पाच वर्षांत पंच्याहत्तर दिवस. दुकानदाराच्या संचाचे १,२०० डॉलर आणि पाच वर्षांच्या सेवेचे ९०० मिळून २,१०० होतात; म्हणजे रानातल्या प्रत्येक दिवसामागे २८ डॉलर. सातशेच्या संचात एक बदली बॅटरी आणि एखादा नवा चामडी पट्टा धरून ८०० डॉलर मानले, तर हाच आकडा ११ डॉलरच्या आत येतो. सेवा केवळ हंगामाच्या चार महिन्यांपुरती घेतली तर महागडा संच १,५०० डॉलरवर येईल, हे खरे. पण वर्ष संपताना ती आठवणीने बंद करणारी माणसे माझ्या पाहण्यात फार थोडी आहेत आणि मी स्वतः त्यांत मोडत नाही.

फक्त माग दाखवणारा ५५० डॉलरचा संच घेऊन शिकवणीसाठी जुना पट्टाच वापरावा, हा आपला पर्याय कागदावर १५० डॉलर वाचवतो. प्रत्यक्षात कुत्र्याच्या गळ्यात दोन पट्टे येतात, आपल्या हातात दोन उपकरणे येतात, चार्ज करायच्या गोष्टी वाढतात आणि कुत्रा हरणामागे रस्त्याच्या दिशेने निघाल्याचे एका पडद्यावर दिसत असताना त्याला थांबवणारे बटण दुसऱ्या खिशात शोधावे लागते. शिवाय आपल्या जुन्या पट्ट्याचा पल्ला अर्ध्या मैलाचा आहे, असे आपणच लिहिले आहे. एकत्रित पट्ट्यात स्थान, सूचक आवाज, कंपन आणि कमी-अधिक करता येणारा सौम्य विद्युत झटका हे सारे एकाच हाताखाली असते. त्या सोयीसाठी दिलेले १५० डॉलर मला वाजवी वाटतात.

मोबाइल फोनवर चालणाऱ्या चारशे डॉलरच्या संचाकडे मी कमी ओढला जातो. यातही पट्टा आणि फोन यांच्यामध्ये रेडिओचा छोटा दुवा असतो, त्यामुळे मोबाइलचे जाळे नसले तरी तो चालतो आणि वरकरणी स्वस्त पडतो. पण आपण नोव्हेंबरातही फेझंट या पक्ष्याच्या मागे जाता. त्या थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, हातमोजे घालून पडदा नीट चालत नाही आणि नकाशा, माग व मदतीची हाक या तिन्ही गोष्टी एकाच बॅटरीवर अवलंबून राहतात. मोबाइलच्या जाळ्यावर चालणारे शहरी पट्टे तर या कामासाठी विचारातच घेऊ नयेत. जाळे नसलेल्या रानात त्यांचा उपयोग नाहीच, शिवाय त्यांचे आयुष्य दुसऱ्याच्या हाती असते: फेब्रुवारी २०२२ मध्ये एटी अँड टीने आपले ३जी जाळे बंद केले, तेव्हा केवळ त्यावर चालणारी उपकरणे धडधाकट असूनही निकामी झाली.

जाहिरातीतील पल्ल्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. असे पट्टे बनवणाऱ्या गार्मिन कंपनीच्या अल्फा मालिकेसाठी ९ मैलांपर्यंतचा पल्ला सांगितला जातो, पण तो मधे काहीही आड येत नसतानाचा आहे. अ‍ॅस्पेन वृक्षांच्या दाट रानात आणि उंचसखल जमिनीवर तो बराच घटतो. आपला कुत्रा पॉइंटर आहे. तो पक्षी हेरून जागीच थबकतो, अस्वलामागे मैलोन्‌मैल धावणारा हाउंड नव्हे. आपल्याला अर्ध्या-पाऊण मैलात खात्रीने दिसणारा ठिपका हवा आहे, आणि तो आधीच्या पिढीच्या उपकरणातही मिळतो.

एक बाब मात्र दूरदृष्टीने पाहावी. एका कंपनीचे पट्टे सहसा दुसऱ्या कंपनीच्या हातातील उपकरणाशी जुळत नाहीत. दोन वर्षांनी दुसरे पिल्लू आणण्याचा आपला विचार आहे. म्हणजे आज जे घ्याल, त्याच कंपनीचा दुसरा पट्टा तेव्हा घ्यावा लागेल. हातातील उपकरण जास्त काळ टिकते. चिखल, पाणी आणि काटे सोसणारा पट्टा आधी झिजतो. म्हणून सातशेचा संच घेण्यापूर्वी त्या उपकरणाशी जुळणारे सुटे पट्टे आणि बॅटऱ्या आजही विक्रीत आहेत का, हे लेखी विचारून घ्यावे. उत्तर नकारार्थी आले, तर तो संच स्वस्त नाही.

आता हप्त्यांकडे येतो, कारण खरे नुकसान तिथे होण्याचा संभव आहे. अमेरिकेतील दुकानांच्या कार्डांवरील ‘बिनव्याजी’ योजनांत बहुधा व्याज माफ केलेले नसते, केवळ लांबणीवर टाकलेले असते. ठरलेल्या मुदतीत शेवटचा डॉलरही राहून गेला, तर पहिल्या दिवसापासूनचे व्याज एकदम आकारले जाते. समजा, १,२०० डॉलरवर आपण दरमहा ८० भरत राहिलात. बारा महिन्यांनी २४० डॉलर उरतील आणि दर ३० टक्के असेल, तर त्या दिवशी सुमारे २३० डॉलरचे व्याज बाकीत येऊन बसेल. म्हणजे वर्षभर नेमाने हप्ते भरूनही बाकी ४७० च्या घरात. करारात ‘व्याज पुढे ढकलले’ अशा अर्थाचे कलम असेल, तर त्यावर सही करू नये.

त्याआधी जुन्या कार्डाचा निकाल लावावा. २,१०० डॉलरवर २४ टक्क्यांनी महिन्याला ४२ डॉलर व्याज जाते. तेवढीच रक्कम बचत खात्यात ४ टक्क्यांनी महिन्याला ७ डॉलर मिळवते. दरमहा ३५ डॉलर आपण निव्वळ गमावत आहात. आकस्मिक निधीतून ही बाकी आजच फेडावी. निधी ६,९०० वर येईल, म्हणजे आपल्या सव्वा महिन्याच्या खर्चाइतका, आणि एका पगाराच्या घराला तो अपुरा आहे. हे सुचवताना मलाही थोडे अवघड वाटते. पण कार्डाकडे जाणारे १८० डॉलर मोकळे होतील. आपले पत्र मे महिन्यातले आहे. जून ते सप्टेंबर हे चार हप्ते वेगळे ठेवले, तर सप्टेंबरच्या मध्याला ग्राउसचा हंगाम उघडण्यापूर्वी ७२० डॉलर रोख हाती असतील. नेहमीचे ३०० निधीतच जाऊ द्यावेत. तो ८,१०० वर पोचलेला असेल. ऑक्टोबरपासून ४८० च्या ४८० त्यात टाकावेत आणि दुसऱ्या पिल्लाचा विषय तीन महिन्यांचा खर्च जमेपर्यंत काढू नये.

पत्राच्या शेवटी आपण विचारले आहे की, डिसेंबरात सांगोल्याला जाताना हा संच भावाच्या कारवान जातीच्या कुत्र्यासाठी नेता येईल का. कृपया नेऊ नये. वर सांगितलेली विनापरवाना वाहिन्यांची मोकळीक अमेरिकेच्या नियमांतली आहे, भारतात ती लागू होत नाही. उपग्रह-संदेशाची उपकरणे तर भारतात परवानगीशिवाय बाळगणेही महागात पडते. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका परदेशी प्रवाशाला अशाच उपकरणापायी ताब्यात घेण्यात आले होते. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तिकडे कुत्रे घेऊन शिकारीला जाण्याचा प्रश्नच उरत नाही. भावासाठी चांगला चामडी पट्टा न्यावा.

संच हाती आल्यावर तो परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी घराजवळच्या झाडीत कुत्र्याला लांब दोरीवर ठेवून दोन-तीन दिवस वापरून पाहावा आणि बॅटरी किती तास टिकते ते घड्याळ लावून मोजावे. झटक्याचे बटण मात्र एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाकडून शिकल्याशिवाय दाबू नये. त्याची फी याच ७२० मध्ये बसणार नाही. ती सप्टेंबरच्या खर्चात आताच धरून ठेवावी.