युद्धातून आलेल्या मुलांसाठी काम करायचंय, पण सुरुवात कुठून?

तू लिहिलंयस की मानसशास्त्राच्या पदवीचं शेवटचं वर्ष आहे, युद्धातून बाहेर पडलेल्या मुलांचं समुपदेशन करायचंय, आणि एखादा ट्रॉमा थेरपीचा छोटा कोर्स करून लगेच जाता येईल का?

लगेच जाऊ नकोस. शिवाय तिथलं बहुतेक काम थेरपीचं नसतंच. संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर मदतसंस्थांच्या आयएएससी या आंतरसंस्था समितीच्या 2007 च्या मार्गदर्शक सूचनांत मदतीचे चार थर सांगितलेत. तळाशी सुरक्षितता, अन्न, निवारा. त्यावर कुटुंबाचा आणि वस्तीचा आधार. मग प्रशिक्षण घेतलेल्या, पण तज्ज्ञ नसलेल्या माणसांची मदत. तज्ज्ञांचे उपचार अगदी टोकाला, थोड्यांसाठी. तुझी नजर टोकावर आहे. माणसं लागतात ती मधल्या दोन थरांत.

तिथं रोज ठरल्या वेळी उघडणारी खेळाची जागा चालवायची असते. तीच ताई, खेळांचा तोच क्रम. ज्याचं सगळंच विस्कटलंय त्या मुलाला पुढं काय होणार हे ठाऊक असलं की धीर येतो. कागद-रंग द्यायचे, पण ‘युद्धाचं चित्र काढ’ म्हणायचं नाही. मूल काळ्या खडूनं कागदभर गिरगटत बसलं तर शेजारी बसायचं, अर्थ विचारायचा नाही. एका बैठकीत सगळं वदवून घेऊन मन ‘मोकळं’ करण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनाही नको म्हणते. खपली निघते आणि दुसऱ्या दिवशी जवळ कुणी नसतं.

नवखे लोक हमखास चुकतात ते असं : दुभाषा म्हणून मुलाचा शेजारीच घेतात, मग मूल गप्प. ताटातूट झालेल्या मुलाला चौकशीआधीच अनाथ ठरवतात, नातेवाइकांचा शोध राहून जातो. सशस्त्र गटातून सुटलेल्यांनाच वह्या-कपडे देतात आणि वस्तीचा रोष त्या मुलांवर ओढवतो. तीन आठवड्यांची स्वयंसेवा तर मला पटतच नाही. मुलाला लळा लागतो आणि पुन्हा कुणीतरी सोडून जातं.

म्हणून आधी मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण, मग किमान दोन वर्षं अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली मुलांबरोबर काम. जोडीला अरबी किंवा फ्रेंच. मानसिक प्रथमोपचार, म्हणजे संकटानंतर लगेच द्यायचा साधा आधार, शिक, आणि ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’सुद्धा. ताण आणि अडचणी हाताळायला शिकवणारी ती पाच बैठकांची पद्धत मोठ्यांसाठी आहे, पण आई सावरली की मुलाला आधार मिळतो. पुढं तुझं काम बहुधा स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवण्याचंच असेल.

नोकरीच्या मुलाखतीत दोन गोष्टी विचार : माझं सुपरव्हिजन कोण, किती दिवसांनी करणार? प्रकल्प संपल्यावर मुलांची ही खेळाची जागा कोण चालवणार? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी संस्था बघ.